पाहुण्यांना जड जाणारीं अंगणें

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला आणि तो मिटविण्याची कामगिरी, त्या विषयाशीं आमचा अर्थाअर्थीं संबंध नसतांही, आमच्या गळ्यांत पडली. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमेरिकेंतील कॅन्सास संस्थानांत, लॉरेन्स या गांवच्या विद्यापीठांत शिकत आहेत; थोरल्या बंधूंची नात उत्तर कॅरोलिना संस्थानांत, डरहॅम येथील ड्यूक विद्यापीठांत आहे. म्हणजे नात्यानें तो तिचा काका, वयानें मात्र चार वर्षांनींच मोठा. त्यामुळें काकाला द्यावयाचा मान ती तोंडानें देते आणि वादांत वसूल करून घेते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं दूरध्वनीवर दोघांची एकदम गांठ पडली. फराळाची चौकशी झाली, वडील माणसांना नमस्कार झाले, आणि मग जी जुंपली ती या प्रश्नावर कीं, बास्केटबॉलच्या खेळांत बाहेरून आलेल्या संघाला जिंकून जाण्यास सर्वांत कठीण क्रीडागृह कोणतें, लॉरेन्सचें कीं डरहॅमचें? शेवटीं नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीच पंच व्हा. शाळेंत इतकीं वर्षें तुम्हीच पंच होतां ना!" आम्ही "विचार करून सांगतों" असें म्हणून वेळ मारून नेली. पंच हा शब्द ऐकून आमच्या मनांत काय आलें तें पुढें सांगूं.

हा खेळ आपल्याकडेही शाळा-कॉलेजांतून खेळला जातो, म्हणून त्याचे नियम सांगत बसत नाहीं. परंतु त्याचा जन्म कसा झाला हें ठाऊक असल्याखेरीज पुढील कथेंतली गंमत कळावयाची नाहीं. १८९१ सालच्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड गांवच्या ख्रिस्ती तरुण संघाच्या विद्यालयांत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकाला वरिष्ठांनीं सांगितलें कीं, बाहेर बर्फ पडत असतां मुलांना छपराखालीं खेळतां येईल असा एखादा खेळ काढा. नेस्मिथनें सज्जाच्या कठड्याला दोहों बाजूंस पीच फळांची एकेक टोपली ठोकली, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि अठरा मुलांचे दोन संघ करून खेळ सुरू केला. चेंडू टोपलींत पडला कीं शिडी लावून काढावा लागे. एका मास्तरानें वर्गाच्या गरजेपोटीं काढलेला हा खेळ, म्हणून आमचें त्यावर थोडें अधिक प्रेम आहे हें कबूल करतों.

छपराखालचा खेळ, यांतच पुढच्या साऱ्या प्रकाराचें मूळ आहे. उघड्या मैदानावरची आरोळी आकाशांत विरून जाते. छपराखालची परत खालीं येते. त्यांतून अमेरिकेंतील विद्यापीठांच्या संघांचें वेड आपल्याला कल्पनाही करतां येणार नाहीं असें आहे. दहा-पंधरा हजार माणसें बसतील अशीं क्रीडागृहें त्यांनीं बांधलीं आहेत, आणि त्यांतल्या मोक्याच्या जागा विद्यार्थ्यांना दिलेल्या असतात. कांहीं ठिकाणीं तर विद्यार्थी खेळाच्या फरशीच्या इतके जवळ उभे असतात कीं, रेषेबाहेरून चेंडू आंत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या मानेवर त्यांचा श्वास लागावा. पाहुण्यांकडून पंधरा-वीस मुलें, दोन-चार शिक्षक आणि मूठभर नातलग. आपल्या अंगणांत खेळणारा संघ तेथें साधारणतः तीनांपैकीं दोन सामने जिंकतो. हें सारे जाणतात आणि तरी आळीपाळीनें एकमेकांच्या अंगणांत जातात.

प्रथम लॉरेन्सची बाजू घेऊं. नेस्मिथ १८९८ सालीं याच गांवीं आला आणि १९३९ सालीं येथेंच वारला. कॅन्सास विद्यापीठाच्या संघाचा तो पहिला मार्गदर्शक. त्याच्या हाताखालीं संघानें पंचावन्न सामने जिंकले आणि साठ गमावले. पुढें या विद्यापीठाला जे मार्गदर्शक लाभले त्यांत जिंकल्यापेक्षां हरल्याची संख्या अधिक असलेला एकही नाहीं. असा एकटा तो, ज्यानें खेळच निर्माण केला! चिरंजीवांनीं हें आम्हांला हंसत हंसत सांगितलें, पण आम्हांला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. नेस्मिथला खेळ हा शरीर आणि शील घडविण्याचें साधन वाटे. जिंकविण्याची विद्या त्याच्या शिष्यानें काढली. तो शिष्य फॉरेस्ट अ‍ॅलन. बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून ओरडतांना त्याचा आवाज धुक्यांत जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा वाटे, म्हणून त्याला 'फॉग' असें टोपणनांव पडलें. त्यानें जवळजवळ चाळीस वर्षें कॅन्सासचा संघ सांभाळला आणि १ मार्च १९५५ रोजीं उघडलेल्या क्रीडागृहाला त्याच्या हयातींतच त्याचें नांव दिलें गेलें. आंत फरशीला नांव मात्र नेस्मिथचें आहे. छताखालीं एक मोठी पताका टांगलेली असते. तिच्यावर, आंत पाऊल टाकणाऱ्यांनीं या 'फॉग'पासून सावध असावें, अशा अर्थाचा इशारा लिहिला आहे. धुकें आणि अ‍ॅलन, दोहोंवरचा हा श्लेष. श्लेषाची खोड आपल्या संस्कृत कवींनाच आहे असें नव्हे.

येथें २०२४ पर्यंत १६,३०० माणसें बसत. बाहेरून पाहिलें तर चुनखडी दगडांचें, धान्याच्या प्रचंड कोठारासारखें घर. आंत बसायला लांबलचक लांकडी बांकें. पाहुण्या संघांतील एकेकाचें नांव पुकारलें जात असतां विद्यार्थी वर्तमानपत्राचीं पानें उघडून तोंडासमोर धरतात, जणूं आम्हांला तुमच्याशीं कर्तव्य नाहीं. आपला संघ आला कीं त्याच पानांचे कपटे करून हवेंत उधळतात. (पाहुण्यांची ओळख होत असतां यजमानानें वर्तमानपत्र वाचीत बसणें हा प्रकार आमच्या घरांत झाला असता तर आमच्या मातोश्रींनीं त्या वर्तमानपत्राचें काय केलें असतें, तें न सांगितलेलेंच बरें.) सामन्याच्या अखेरीस जय निश्चित दिसूं लागला म्हणजे सारे मिळून एक घोष लावतात. हा घोष १८८६ सालीं रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेली यांनीं विज्ञानमंडळासाठीं रचला होता. त्याची चाल फार संथ आहे. पाहुण्यांना तो मृत्युघंटेसारखा वाटतो म्हणतात. आम्हीं तो चिरंजीवांच्या दूरध्वनीवरून ऐकला. एखाद्या मठांतून यावा तसा वाटला, आणि अंगावर शहारा आला हें खरें.

१३ फेब्रुवारी १९१७ नव्हे, २०१७ रोजीं (जुन्या शतकाची आमच्या लेखणीची संवय अजून जात नाहीं) येथें वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाशीं सामना होता. खेळ सुरू होण्यापूर्वीं प्रेक्षकांच्या आरोळीचें यंत्रानें मापन झालें, तें १३०.४ डेसिबल भरलें आणि छपराखालच्या गर्जनेचा विक्रम म्हणून गिनेसच्या पुस्तकांत नोंदलें गेलें. आवाज इतका झाला म्हणजे कानांना वेदना होऊं लागतात. परंतु खरी हकीकत पुढेंच आहे. तीन मिनिटें उरलीं असतां यजमान चौदा गुणांनीं मागें होते. तेथून त्यांनीं बरोबरी साधली आणि जादा वेळांत ८४ विरुद्ध ८० असा सामना जिंकला. त्या शेवटच्या तीन मिनिटांत पाहुण्या पोरांच्या छातींत काय झालें असेल याचा विचार आम्ही चिरंजीवांस करावयास सांगितला. त्यांस तो तोंवर सुचला नव्हता. २००७ पासून २०११ पर्यंत कॅन्सासनें आपल्या अंगणांत लागोपाठ ६९ सामने जिंकले होते. टेक्ससच्या संघानें २२ जानेवारी २०११ रोजीं ती सांखळी तोडली.

आतां डरहॅम. येथील क्रीडागृहाचा आकार लहान, ९,३१४ जागा. तें ६ जानेवारी १९४० रोजीं उघडलें. एडी कॅमरन आणि वॉलेस वेड या दोघां मार्गदर्शकांनीं त्याचा पहिला आराखडा आगपेटीच्या आवरणावर काढला, अशी दंतकथा आहे. १९७२ पासून घराला कॅमरनचेंच नांव आहे. लहान असल्यामुळेंच तें पाहुण्यांना जड जातें, असें नातीचें म्हणणें. लॉरेन्सला आवाज वरून कोसळतो; येथें तो कानांशीं येतो. विद्यार्थी फरशीच्या कडेला उभे राहतात आणि सबंध सामनाभर बसत नाहींत. त्यांची टवाळी तयारीची असते. कोणत्या पाहुण्याला कशावरून छेडावयाचें याचा आधीं अभ्यास केलेला असतो. अवघ्या दहा मैलांवरील चॅपेल हिलच्या संघाशीं सामना असला म्हणजे आंत जागा मिळावी म्हणून मुलें-मुली थंडींत कित्येक आठवडे क्रीडागृहाबाहेर तंबू ठोकून राहतात. तंबूंच्या त्या वसाहतीला माइक शशेव्स्की या मार्गदर्शकाचें नांव आहे. १९८० पासून २०२२ पर्यंत तो तेथें होता. त्याच्या निरोपाचा सामना ५ मार्च २०२२ रोजीं झाला. जुने शिष्य जमले, घर फुलून गेलें, आणि शेजारच्या चॅपेल हिलनें ९४ विरुद्ध ८१ असें हरवून त्या समारंभावर पाणी ओतलें. नातीनें ही गोष्ट सांगितली नाहीं. ती काकानें सांगितली.

त्या घरांतली आम्हांला अधिक आवडलेली गोष्ट २६ नोव्हेंबर २०१९ ची आहे. स्टीफन एफ. ऑस्टिन नांवाच्या, टेक्ससमधील एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या विद्यापीठाचा संघ आला होता. अशा संघांस मोठीं विद्यापीठें पैसे देऊन बोलावतात. त्यांनीं यावें, हरावें आणि पैसे घेऊन जावें, असा संकेत. आपल्या गटाबाहेरच्या संघाशीं ड्यूक आपल्या अंगणांत २००० सालापासून हरलें नव्हतें. अशा १५० विजयांची माळ झाली होती. त्या रात्रीं बरोबरी होऊन जादा वेळ द्यावा लागला. शेवटच्या क्षणीं ड्यूकच्या हातून चेंडू सुटला, नेथन बेन नांवाचा पाहुणा मुलगा तो घेऊन एकटाच दुसऱ्या टोंकापर्यंत धांवला आणि वेळ संपतां संपतां त्यानें तो टोपलींत टाकला. ८५ विरुद्ध ८३. हा मुलगा बहामा बेटांतला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत आलेल्या डोरियन वादळानें त्याच्या आईवडिलांचें घर गिळलें होतें. त्या कुटुंबासाठीं विद्यापीठानें एक निधि उघडला होता. सामन्यानंतर दोन-तीन दिवसांत त्या निधींत लाखावर डॉलर जमले, आणि देणाऱ्यांत ज्यांच्या संघाला त्यानें हरवलें त्या ड्यूकचे चाहतेही होते.

दुसऱ्या कांहीं घरांचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल, पण त्यांत फार वेळ घालवीत नाहीं. केंटकी विद्यापीठ १९४३ पासून १९५५ पर्यंत आपल्या अंगणांत लागोपाठ १२९ सामने जिंकलें. ती सांखळी जॉर्जिया टेकनें एका गुणानें तोडली आणि तो विक्रम आजतागायत कोणास गांठतां आलेला नाहीं. न्यू मेक्सिको संस्थानांत आल्बुकर्की येथील क्रीडागृहाला 'खड्डा' असेंच म्हणतात. १९६६ सालीं तें उघडलें. आधीं छप्पर उभारलें आणि मग त्याखालीं जमीन खणली. खेळाची फरशी जमिनीच्या ३७ फूट खालीं आहे, आणि गांव समुद्रसपाटीपासून पांच हजार फुटांहून उंच. वायोमिंगमधील लॅरमी तर ७,२२० फुटांवर. हा आंकडा पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल असा तेथें मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. सखल प्रदेशांतून आलेल्या मुलांना दुसऱ्या अर्धांत धाप लागते, आणि ज्याला लागत नाहीं त्यालाही तो आंकडा वाचून लागत असावी.

येथवर लिहून आम्ही थांबलों, कारण मास्तरकीच्या संवयीनें एक शंका आली. आवाजानें नक्की होतें काय? पाहुणा खेळाडू एकटा टोपलीसमोर उभा राहून दंडाची मोकळी फेक करीत असतां टोपलीमागचे हजारों लोक हात हालवितात, किंकाळ्या फोडतात. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठांत तर २०१३ पासून टोपलीमागें एक पडदा लावतात. फेंकीच्या ऐन क्षणीं तो बाजूस होतो आणि आंत कोणी चित्रविचित्र सोंग नाचत असतें. २०१६ सालीं आलिंपिकचा प्रख्यात पोहणारा मायकेल फेल्प्स पोहण्याच्या चड्डीवर गळ्यांत पदकें घालून त्या पडद्यामागून प्रकटला होता! पडद्याचा थोडा गुण येतो असें कांहीं हिशेबी विद्यार्थ्यांनीं दाखविलें आहे. परंतु मॉस्कोविट्झ आणि वर्थाइम या दोघांनीं २०११ सालच्या आपल्या ग्रंथांत व्यावसायिक संघांच्या अनेक वर्षांच्या मोकळ्या फेंकी मोजल्या, तों यजमान आणि पाहुणे यांच्या यशाचें प्रमाण सारखेंच निघालें. एवढा गोंगाट, आणि फेंकणाऱ्याचा हात ढळत नाहीं!

मग ढळतें कोण? त्या दोघांचें उत्तर, पंच. आणि त्याला आधार देणारा एक प्रयोग इंग्लंडांत झालेला आहे. लिव्हरपूल येथील एका फूटबॉल सामन्याचें चित्रण चाळीस जाणत्या पंचांस दाखविलें. कांहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, कांहींना आवाज बंद करून. प्रसंग तेच, पाय तेच, चेंडू तोच. आवाज ऐकणाऱ्यांनीं यजमान संघाचे नियमभंग सुमारें साडेपंधरा टक्क्यांनीं कमी धरले. २००२ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध झाली. या पंचांनीं कोणाचें मीठ खाल्लें नव्हतें, कोणाची भीति बाळगण्याचें त्यांस कारण नव्हतें. ते एका खोलींत बसून नुसतें चित्र पाहत होते.

तें वाचून आम्हीं पुस्तक मिटून ठेवलें. तीस-पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेच्या पटांगणावर हुतूतूचा सामना होता, आणि पंच आम्हीच. पाहुणी शाळा आडगांवची. मुलें सकाळीं निघून एस. टी.नें आलेलीं, बरोबर एकटे ड्रिलमास्तर. शेवटच्या चढाईला त्यांचा एक काळासांवळा, शेलाटा मुलगा आमच्या दोघां गड्यांना शिवून परतला आणि मध्यरेषेशीं पडला. त्याचा हात रेषेस आधीं लागला कीं दम आधीं सुटला? भोंवतालीं आमचीं सातआठशें मुलें, गांवकरी, व्यवस्थापक मंडळी, सर्वांची एकच आरोळी उठली, "बाद! बाद!" आम्हीं शिट्टी फुंकली आणि हात वर केला. मुलगा बाद. त्यानें वाद घातला नाहीं. त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें, अंगाची माती झाडली आणि सदरा उचलला. त्या वेळीं आम्हांस पक्की खात्री होती कीं आम्हीं दम सुटलेला ऐकला. आतां वाटतें, त्या गलक्यांत एका पोराचा दम सुटलेला ऐकूं येणें शक्य तरी होतें काय? आम्हीं ऐकली ती आरोळी. नातीला आम्हांस पंच करावेसें वाटलें तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें तो सदरा आला होता.

२०२० च्या रोगराईनें या शंकेची जणूं परीक्षाच घेतली. त्या हिंवाळ्यांत अनेक क्रीडागृहें रिकामीं ठेवून सामने खेळले गेले. ड्यूकच्या घरांत प्रेक्षक नव्हते. डिसेंबरांत मिशिगन स्टेट आणि इलिनॉय हे दोन पाहुणे एका आठवड्याच्या आंत तेथून जिंकून गेले. त्या वर्षीं ड्यूकचे १३ जय आणि ११ पराजय झाले, आणि १९९५ नंतर प्रथमच त्यांस राष्ट्रीय स्पर्धेंत जागा मिळाली नाहीं. केंटकीचे तर ९ जय आणि १६ पराजय. दोन्ही संघ त्या वर्षीं कच्चे होते हेंही सांगितलें पाहिजे; सारें खापर रिकाम्या बांकांवर फोडणें बरोबर नव्हे. तरी युरोपांतही त्याच काळांत रिकाम्या मैदानांवर फूटबॉलच्या यजमानांचें पारडें हलकें झालेलें आढळलें.

तेव्हां आमचा निकाल असा. पाहुण्यांस सर्वांत अवघड घर लॉरेन्सचें. डरहॅमची टवाळी खेळाडूंना उद्देशून असते, आणि खेळाडूचा हात ती सहसा ढळवीत नाहीं असें दिसतें. लॉरेन्सची आरोळी कोणा एकाला उद्देशून नसते, ती साऱ्या घरांत भरून राहते, आणि तिच्यांत शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची आम्हांस फार कींव येते. हें आम्हीं दोघांस कळविलें. चिरंजीव प्रसन्न झाले. नातीचें चार दिवसांनीं उत्तर आलें. तिनें निकाल मान्य केला, पण खालीं लिहिलें कीं, "आजोबा, आमच्याच गांवांत पाहुण्या संघानें केलेला सर्वांत अवघड प्रवास तुमच्या यादींत राहिला आहे." पुढची हकीकत तिच्या पत्रांतली, आम्ही ती ताडून पाहिली आहे.

१९४४ सालीं डरहॅमांत गोऱ्यांचें ड्यूक आणि काळ्या विद्यार्थ्यांचें उत्तर कॅरोलिना कॉलेज हीं दोन्ही होतीं. मध्यें कांहीं मैलांचेंच अंतर, पण एकमेकांशीं खेळणें कायद्यानें आणि रूढीनें वर्ज्य. ड्यूकच्या आवाराच्या इमारतींचा मुख्य कल्पक ज्युलियन एबल हा स्वतः काळा होता, आणि काळ्या विद्यार्थ्यांस त्या विद्यापीठांत पदवीपूर्व वर्गांत प्रवेश १९६३ पर्यंत नव्हता. काळ्या कॉलेजाचे मार्गदर्शक जॉन मॅक्लेंडन. ते लॉरेन्सला खुद्द नेस्मिथच्या हाताखालीं शिकले होते, पण तेथें त्यांना विद्यापीठाच्या संघांत खेळूं दिलें गेलें नव्हतें. ड्यूकच्या वैद्यकीय शाळेंत त्या युद्धकाळांत चांगले खेळाडू जमले होते. आपण गांवांत सर्वांत श्रेष्ठ, असा त्यांचा लौकिक. कोणीतरी बोललें कीं, श्रेष्ठपण ठरवावयाचें तर मॅक्लेंडनच्या मुलांशीं खेळा. १२ मार्चचा रविवार ठरला. सकाळची वेळ, जेव्हां सारें गांव आणि पोलीसही प्रार्थनामंदिरांत असतील. गोरीं मुलें उसन्या मोटारींतून, आडवळणाच्या रस्त्यांनीं, डोक्यावरून कोट ओढून काळ्या कॉलेजाच्या आवारांत शिरलीं. ती त्या दिवशींची पाहुणी मंडळी. ती आंत आल्यावर व्यायामशाळेचीं दारें आंतून लावलीं. प्रेक्षक एकही नव्हता. घड्याळ होतें, पंच होता.

आरंभीं दोन्ही बाजूंच्या मुलांच्या हातांतून चेंडू निसटत होता. मग मॅक्लेंडनच्या मुलांनीं वेग धरला आणि ८८ विरुद्ध ४४ असा सामना जिंकला. त्यानंतर थोडी विश्रांति घेऊन ते पुन्हां खेळले, या वेळीं गोरे-काळे मिसळून दोन संघ केले. एकानें सदरे काढले, दुसऱ्यानें ठेवले. खेळ संपल्यावर सारे वसतिगृहांत जाऊन बराच वेळ बोलत बसले. गांवांतल्या काळ्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला हें ठाऊक होतें. त्यानें एक अक्षर छापलें नाहीं. १९९६ सालीं एका इतिहासकारानें लिहीपर्यंत हा सामना जगाला माहीत नव्हता.

प्रेक्षक नव्हता असें वर लिहिलें, तें अगदीं खरें नव्हे. खेळ चालू असतां चेंडूचा आवाज ऐकून कॉलेजांतलीं कांहीं मुलें बाहेरून उंच खिडक्यांपर्यंत चढलीं होतीं आणि कांचेला नाक लावून, तोंडांतून शब्द न काढतां, आंत पाहत होतीं.